28 कप्प्यांचा गोळ्यांचा डबा: लकव्यानंतर विसरायला होतं त्यांच्यासाठी कितपत कामाचा?

लकव्यातून सावरून घरी आलेल्या माणसामागे पाच-सहा औषधं सहज लागतात. रक्त पातळ करणारी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, पुष्कळदा साखरेची आणि झटक्यांची. हातपाय हलायला लागले की घरचे निर्धास्त होतात आणि नेमका तेव्हाच "मी गोळी घेतली का?" हा प्रश्न सुरू होतो. दहा मिनिटांपूर्वीची गोष्ट मेंदूत नोंदलीच गेलेली नसते, त्यामुळे "आठवून बघा ना" म्हणून काही उपयोग नसतो. घेतलेली गोळी पुन्हा घेतली तर धोका खरा आहे: रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो, बीपीच्या गोळीने चक्कर येऊन माणूस पडू शकतो.

या एका प्रश्नावर सात दिवस, दिवसाला चार वेळा असा 28 कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा चांगलं उत्तर आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या आणि मेडिकल चौकातल्या औषधांच्या दुकानांत विचारा, ऑनलाइनही मिळतो. साधारण अडीचशे ते पाचशे रुपये धरून चाला. मात्र घेताना प्रत्येक दिवसाची पट्टी सुटी निघणाराच घ्या. समोर 28 झाकणं ठेवली की गोंधळ होणारच. एका दिवसाची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बाकीचा डबा कपाटात गेला, की निवड चारच झाकणांतून उरते. "आज वार कोणता?" हेही पेशंटला ठरवावं लागत नाही. पट्टी घरच्यांनी रात्रीच बदलून ठेवावी.

दुकानात एकच हात वापरून झाकण उघडून बघा, तेही पेशंटच्या चालत्या हाताने. झाकणाच्या पुढच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढी जीभ असते. ती आखूड असली तर एका हाताने जोर लावताना अख्खी पट्टी सरकते, झाकण फटकन उघडतं आणि गोळ्या सोफ्याखाली जातात. ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी पट्टीखाली घातली की सरकणं थांबतं. फार घट्ट झाकणाचा डबा मात्र नकोच.

छापलेली अक्षरं हा या डब्यांचा मोठा दोष. बहुतेकांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरं असतात, त्यात दोन टी आणि दोन एस. उजवी बाजू लुळी पडलेल्यांत बोलण्या-वाचण्याचीही अडचण पुष्कळदा असते, त्यांना ही अक्षरं निरुपयोगी. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून जाड मार्करने मराठीत पूर्ण वार लिहा. नुसतं "शु" आणि "श" लिहिलं तर तोच घोळ मराठीत होतो. चार झाकणांवर सूर्य, जेवणाचं ताट, दिवा आणि चंद्र काढला तर वाचायची गरजच उरत नाही. डावी बाजू लुळी असेल तर वेगळी अडचण येऊ शकते: नजर चांगली असून डावीकडच्या वस्तूंची दखलच घेतली जात नाही. पट्टी आडवी ठेवली तर सगळ्यात डावीकडचा सकाळचा कप्पा भरलेलाच राहतो. पट्टी उभी, शरीराच्या मध्यरेषेसमोर ठेवा, सकाळ वर आणि रात्र खाली.

डबा आणून दिला आणि एकदा समजावून सांगितलं, एवढ्यावर तो वापरात येत नाही. नवीन सवय बसवताना चुका होऊ न देणं ही यातली किल्ली. बॅडले आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये दाखवलं, की स्मृती फार बिघडलेल्या माणसांना अंदाज बांधायला लावलं तर त्यांची चूकच पक्की होते. सुरुवातीपासून बरोबर उत्तर दिलं तर शिकणं सुधारतं. म्हणून पहिले काही दिवस हाताला हात लावून तोच क्रम करून घ्या: पट्टी समोर, सूर्याचं झाकण उघडलं, गोळ्या तळहातावर, पाणी, आणि झाकण उघडंच. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. उघडं झाकण म्हणजे घेतली. टापटीप आवडणारं कुणी येता-जाता ते बंद करत असेल तर डब्याचा अर्धा उपयोग गेला.

मग लगेच विचारा, "गोळ्या झाल्यावर झाकणाचं काय करायचं?" उत्तर बरोबर आलं तर तोच प्रश्न एका मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. अडखळले तर वाट बघू नका, उत्तर स्वतःच सांगा, त्यांच्या तोंडून वदवून घ्या आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या) विभागात जात असाल तर डबा सोबत न्या आणि तिथेच सराव करून घ्या.

डबा भरायचं काम पेशंटवर सोपवू नका. आठवड्यातून एकदा, टीव्ही बंद करून, चिठ्ठी समोर ठेवून भरा. एक औषध घ्यायचं आणि ते सातही दिवसांच्या कप्प्यांत टाकायचं, मगच दुसरं. दिवसागणिक भरलं तर एखादी गोळी हमखास सुटते. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस रक्ताच्या तपासणीनंतर बदलला, की त्याच दिवशी उरलेले सगळे कप्पे रिकामे करून पुन्हा भरा. आठवडा संपायची वाट बघू नका.

सगळीच औषधं डब्यात चालत नाहीत. रक्त पातळ करणारं डॅबिगॅट्रान आणि झटक्यांवरचं सोडियम व्हॅलप्रोएट ओल धरतात, ती मूळ पाकिटातच राहू द्या आणि त्या वेळेच्या झाकणावर रंगीत टिकली लावा, म्हणजे पाकीट आठवेल. पाकिटाचे चौकोन कापून कप्प्यात टाकू नका. विसरभोळा माणूस फॉइलसकट गिळू शकतो आणि त्या कडा अन्ननलिकेला इजा करतात. बाकीच्या गोळ्यांबाबत केमिस्टला विचारा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरसमोरच्या टेबलावर डबा ठेवायची सवय असते, ती मोडा. कूलरची हवा दमट, गोळ्या नरम पडून भुगा होतो. खिडकीतलं ऊन आणि गॅसचा ओटाही नको. आतल्या खोलीतलं कोरडं कपाट बरं.

अलार्मवाला महागडा डबा आम्ही सुचवणार नाही. तो पिप-पिप करतो, पण ते कशासाठी हे आठवायचं काम पुन्हा त्याच मेंदूवर पडतं. बॅटरी बदलली की घड्याळ बिघडतं आणि सकाळचा अलार्म रात्री वाजतो. त्यापेक्षा फोनच्या अलार्मला घरच्या ओळखीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग लावा: "बाबा, सूर्याचं झाकण उघडा आणि गोळ्या घ्या." वेळ चहाला किंवा जेवणाला बांधून ठेवा, कारण जुन्या सवयी बऱ्याचदा शाबूत असतात.

पाचपैकी चार गुण. एक गुण अक्षरांसाठी कापला. पेशंटला आपण विसरतो हेच मान्य नसेल, तो चार झाकणं एकदम रिकामी करत असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर डबा त्याच्या हाती देऊ नका. कुलपात ठेवा आणि प्रत्येक वेळची गोळी घरच्यांनी द्या. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या कधीच नाही, आधी डॉक्टरांना फोन. आणि नवरा-बायको दोघांच्याही गोळ्या चालू असतील तर दोन अगदी वेगळ्या रंगांचे डबे घ्या आणि ते वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.