एज ऑफ एम्पायर्स २, टू-व्ही-टू: आठ महिने, एक दाजी आणि ३० टक्के

गेल्या शनिवारी रात्री माझ्या आठ ट्रेड कार्ट (जोडीदाराच्या मार्केटला फेऱ्या मारून सोनं आणणाऱ्या गाड्या) रस्त्यातच उभ्या राहिल्या. दाजींचं मार्केट पडलं होतं, आणि ते माझ्या चिकटपणामुळे पडलं असं दाजींचं म्हणणं. म्हणून हे लिहायला बसलो.

गेम सगळ्यांना माहीत आहे: अन्न, लाकूड, सोनं जमवायचं, एकेक युग चढायचं, फौज काढून समोरच्याला हरवायचं. आम्ही दोघं विरुद्ध दोघं खेळतो, मी आणि दाजी एका बाजूला. मूळ १९९९चा, डेफिनिटिव्ह एडिशन २०१९ची. मी सेलमध्ये घेतला, दाजींनी पूर्ण किमतीत. स्वभाव इथेच कळतो. मी नाशकात, ते साताऱ्यात. मॅप अरेबिया, फौज माझी ब्रिटन्स, त्यांची हूण (हूणांना घरं बांधावी लागत नाहीत, याचाही मला राग आहे). पहिले पंधरा दिवस वायाच गेले, कारण रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळायला बेंचमार्कमध्ये (मशीनच्या वेगाच्या चाचणीत) १००० गुण लागतात आणि दाजींचा लॅपटॉप काही तिथवर पोचेना. तेव्हा शिव्या घातल्या. आता वाटतं, नियम बरोबर आहे. एकाचं मशीन धापा टाकायला लागलं की चौघांचाही खेळ रांगतो.

पण खरं दुखणं ट्रिब्यूटचं, म्हणजे जोडीदाराला माल देण्याचं. जोडीदाराला १०० पाठवा, आपले १३० जातात. तीस टक्के कट, म्हणजे कापून घेतलेला वाटा! समजा दाजींना कॅसल एजला (तिसऱ्या युगात) जायच्या ८०० अन्नात ३०० कमी पडतंय. मी दिलं की माझे ३९० गेले. मधले ९० कुणाच्या घशात? व्हिलेजर (कामकरी) ५० अन्नाला मिळतो, म्हणजे जवळजवळ दोन माणसं हवेत. शेताच्या हिशोबाने बघा, ६० लाकूड घालून १७५ अन्न निघतं, त्यातलं अर्धं शेत कटात. मार्केटमध्ये कॉइनेज हे संशोधन केलं की कट २० टक्क्यांवर येतो, बँकिंगने शून्य होतो, पण तेही फुकट नाही. वर मार्केटचं १७५ लाकूड आधी घालायचं ते वेगळंच.

त्यामुळे पहिले चार-पाच महिने मी दमडी सोडली नाही. दाजी चॅटमध्ये ५ टाकायचे, ‘सोनं द्या’ असा आवाज यायचा. मी २ टाकायचो. म्हणजे ‘नाही’.

आणि तरीही आम्ही जिंकायचो, कारण फ्यूडलमध्ये (दुसऱ्या युगात) दोघं मिळून एकावरच तुटून पडायचो. दाजींचे स्काउट (घोडेस्वार), माझे आर्चर (तिरंदाज). समोरच्याने घोड्यांसाठी भालेवाले काढले तर आर्चर त्यांना टिपतात, आर्चरसाठी स्कर्मिशर (भाले फेकणारे) काढले तर घोडे त्यांना तुडवतात. एवढ्या लवकर दोन्ही काढायला त्याच्याकडे अन्न-लाकूडच नसतं. मात्र पोचायचं एकाच वेळी. माझे आर्चर पायी, मिनिटभर उशीर झाला की दाजींचे स्काउट एकटेच मरतात. मग स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून आवाज येतो, “पाव्हणं, कुठं हायसा? जेवायला बसलाय का?”

शनिवारी समोरच्यांनी हाच डाव दाजींवर टाकला. ५. ५. ५. माझ्याकडे ९०० सोनं होतं, पण इम्पीरियलला (शेवटच्या युगात जायला) ८०० लागतं म्हणून दाबून ठेवलेलं. दाजींना हवं होतं ३००, म्हणजे चार नाइटांचं (जड घोडेस्वारांचं). मी ३९०चा हिशोब करत बसलो. तेवढ्यात दाजींनी लांबच्या कोपऱ्यात बांधलेलं मार्केट गेलं (लांब बांधलं की फेरीला सोनं जास्त मिळतं, म्हणून मीच तिथे बांधायला लावलेलं). एका कार्टला १०० लाकूड, ५० सोनं. आठ कार्ट म्हणजे ८०० लाकूड आणि ४०० सोनं, ९० वाचवायच्या नादात.

तेव्हा मत बदलतो, पण अर्धंच. कट नसता तर एकाने पहिल्यापासून सावकार होऊन बसावं आणि दुसऱ्याने नुसतं लढावं, असाच खेळ झाला असता. कट असल्यामुळे कधी द्यायचं याचा विचार करावा लागतो, हे मान्य. पण तीस? वीस पुरे होते.

काल न मागताच १०० सोनं पाठवलं. माझे १३० गेलेले बघतच होतो, तेवढ्यात दाजींनी ११ टाकला. ११ म्हणजे तो खदाखदा हसण्याचा आवाज.