१९१६ ची सोमची लढाई, डीव्हीडीवर बघितली

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईवरचा १९१६ चा मूक माहितीपट 'द बॅटल ऑफ द सोम', त्याची लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने काढलेली डीव्हीडी बघितली आणि अजून ते चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीयेत. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोघांनी हाताने हँडल फिरवायच्या कॅमेऱ्यावर हे शूट केलंय, म्हणजे तेव्हा झूम वगैरे काही नाही, कॅमेरा जड, ट्रायपॉड लावून उभं राहायचं आणि समोर तोफा. १ जुलै १९१६ ला सकाळी हॉथॉर्न रिज या जर्मन ठाण्याखाली ब्रिटिशांचा सुरुंग उडाला तो शॉट खरा आहे, माती अशी वर जाते की आवाज नसूनही छातीत धस्स होतं. पण खंदकातून वर चढून हल्ला करतानाचा जो फेमस सीन आहे ना, तो नंतर मुद्दाम करून घेतलेला आहे, हे माहीत असूनच बघा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते सैनिकांचं कॅमेऱ्याकडे बघून हसणं. काही जण टोपी हलवतात, त्यातले किती परत गेले कोण जाणे. ऑगस्टमध्ये लगेच हा माहितीपट ब्रिटनच्या थिएटरांत लागला तेव्हा घरची माणसं आपला मुलगा, नवरा दिसतोय का म्हणून पडद्यावर शोधायची, हे डोक्यात ठेवून बघितलं की प्रत्येक फ्रेम वेगळी वाटते.

रिस्टोरेशन मस्त. म्युझिकचे दोन ऑप्शन आहेत, लॉरा रॉसीचं नवीन आणि १९१६ च्या पद्धतीचं, मी म्हणेन आधी जुनंच लावा.