पंधरा वर्षांची वेगवान सेडान: लॉरा आरएस घ्यावी की ई90 330आय?

नव्या छोट्या हॅचबॅकच्या आसपासच्या पैशांत आज दोन गाड्या मिळतात, ज्या त्यांच्या काळात बहुतेकांनी फक्त शोरूमच्या काचेतून पाहिल्या. एक स्कोडा लॉरा आरएस, दुसरी बीएमडब्ल्यू 330आय, म्हणजे कंपनीच्या सांकेतिक भाषेत ई90 पिढीतली. लॉरा माझ्याकडे सहा वर्षं आहे. 330आय मोठ्या भावाकडे आहे आणि दुरुस्तीसाठी तिच्याखालीही मी तेवढाच वेळ झोपलोय. या दोनपैकी कुठली घेऊ, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, "घरात दुसरी गाडी आहे का?" पुढचं बरंचसं उत्तर तिथेच ठरतं.

दोघींचा स्वभाव आधी सांगतो. लॉरा आरएस भारतात 2011 च्या सप्टेंबरात आली. युरोपातल्या आरएसला 2.0 लिटरचं 200 पीएस ताकदीचं इंजिन होतं, आपल्याकडे 1.8 टीएसआय आलं, 160 पीएस आणि 250 न्यूटन मीटर टॉर्कचं. आकडा ऐकून नाक मुरडू नका. हा टॉर्क 1500 आरपीएमपासून हाताशी असतो, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल आहे, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी ट्रकच्या मागून ज्या सहजतेने पुढे निघते ते रोजच्या रस्त्यावर फार उपयोगी पडतं. 330आयला तीन लिटरचं, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे: 258 पीएस, 300 न्यूटन मीटर. कमी आरपीएमला ती शांत असते. चार हजारांच्या वर सूर बदलतो आणि सात हजारांपर्यंत चढत जातो. असं इंजिन आता नव्या गाडीत या किमतीच्या दहापट देऊनही सहज मिळत नाही. शंभरचा वेग गाठायला लॉराला आठ सेकंदांच्या आसपास लागतात, 330आयला साडेसहाच्या आसपास. पण या वयात दोन्ही गाड्यांचा वेग हा खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न, काय बिघडतं आणि कुठे बिघडतं.

इंजिनाच्या आत आणि इंजिनाच्या बाहेर

हा मुद्दा नीट समजला तर अर्धा निर्णय झाला. लॉराचं जे दुखणं आहे ते मोजकं आहे, पण इंजिनाच्या पोटात आहे. 330आयची दुखणी भरपूर आहेत, पण जवळजवळ सगळी इंजिनाच्या अंगावर, बाहेरून हात पोचेल अशी.

लॉराचं 1.8 टीएसआय हे फोक्सवॅगन समूहाच्या ईए888 कुळातलं. या पिढीच्या दोन गोष्टी जगभर माहीत झालेल्या आहेत. पहिली टायमिंग चेनच्या टेन्शनरची, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाची. सुरुवातीच्या रचनेचा टेन्शनर म्हातारा झाला की तेलाचा दाब नसताना चेन सैल सोडतो. सकाळी गाडी सुरू करताना एक-दोन सेकंद खळखळ आवाज येतो. तो आवाज ऐकूनही गाडी चालवत राहिलात आणि चेनने दात सोडले, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. मग इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या शेजारी जाऊन बसतो. दुसरी गोष्ट तेल पिण्याची. पिस्टनच्या ऑइल रिंगा नाजूक असल्याने काही इंजिनं हजार-पंधराशे किलोमीटरला लिटरभर तेल मागतात. टॉपअप करत राहिलात तर ती चालतातही, पण पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्लग त्याची किंमत मोजतात. तिसरं दुखणं त्या मानाने सौम्य. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. अक्रोडाच्या कवचांचा चुरा फवारून ती काढतात. पाण्याच्या पंपाचं घर प्लास्टिकचं आहे आणि ते गळतं, हेही धरून चाला.

आता 330आयचं एन52 इंजिन. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक, पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं म्हणून व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात, टर्बो नाही, चेनबद्दल फारशी तक्रार नाही. वेळेवर तेल बदललं तर हे इंजिन दीर्घायुषी आहे, हे मी मनापासून लिहितो. पण त्याच्या अंगावर जे जे रबराचं आणि प्लास्टिकचं आहे ते दहा-पंधरा वर्षांत संपतं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतं, तेल एक्झॉस्टवर पडून जळल्याचा वास केबिनमध्ये येतो. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट गळतं आणि ते तेल इंजिनाच्या रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) पडतं. पट्टा फुगून तुटला तर त्याच्या चिंध्या क्रँक सीलमधून आत ओढल्या जाण्यापर्यंत प्रकरण जातं. काही हजारांचं गॅस्केट टाळलं म्हणून इंजिन उघडावं लागतं, तेव्हा वाईट वाटतं. पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे, पट्ट्यावर चालत नाही. तो लाखभर किलोमीटरच्या आसपास जातो आणि बहुधा आधी काही सांगत नाही, थेट तापमानाचा लाल दिवा लागतो. पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याचं बिल दाखवणारा विक्रेता भेटला तर त्याला दहा-वीस हजार जास्त द्यायला मी तयार असतो.

इथे एक बारकावा, जो साध्या गॅरेजला माहीत नसतो. मॅग्नेशियमच्या ब्लॉकमध्ये स्टीलचे बोल्ट चालत नाहीत, गंज चढतो. म्हणून ॲल्युमिनियमचे बोल्ट आहेत आणि ते एकदाच वापरायचे. भावाच्या गाडीत आधीच्या कुणीतरी गॅरेजवाल्याने जुनेच बोल्ट परत आवळले होते. पंप उतरवताना एक बोल्ट मधोमध तुटला आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर गेलं. नवे बोल्ट शंभर-दोनशे रुपयांचे असतात. म्हणून गाडी बघण्याआधी मेकॅनिक बघा.

या इंजिनाला ऑइलची डिपस्टिकही नाही. पातळी स्क्रीनवर, इंजिन गरम असताना दिसते. गाडी बघायला जाल तेव्हा ती पातळी उघडून बघा. विक्रेत्याला ती कशी उघडायची हेच माहीत नसेल तर गाडी कशी सांभाळली असेल याचा अंदाज तुम्हाला येईल.

घाटात

ताम्हिणीत या दोन गाड्या एकामागोमाग चालवल्या आणि फरक हाताला कळला. 330आय मागची चाकं ढकलते, वजन पुढे-मागे जवळजवळ समान वाटलेलं आहे, स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे. वळणात शिरताना रस्त्याचा पोत तळहाताला कळतो. लॉराचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक, हलकं, अचूक, पण मुकं. मात्र पहिल्या पावसानंतर, रस्त्यावर तेल आणि माती एकत्र झालेली असताना, लॉराची पुढची चाकं खेचतात आणि नवख्याला जास्त सांभाळून घेतात. मागून ढकलणाऱ्या गाडीत झिजलेले टायर आणि ओला घाट ही जोडी मी कुणालाही करू देणार नाही.

टायरचा विषय निघालाच तर, 330आय रनफ्लॅट टायरवर, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरवर आली आणि तिच्यात स्टेपनी नाही. रनफ्लॅटची बाजू कडक असते. खड्ड्यात आपटली की फुगा येतो आणि टायर बाद. बरेच मालक साधे टायर घालतात, गाडी मऊ होते, रस्ता खरंच सुखाचा होतो. पण मग डिकीत हवेचा पंप आणि पंक्चर किट ठेवावं लागतं, आणि चोर्ला घाटात रात्री अकराला टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नाही. शिवाय काही गाड्यांना पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर आहेत, म्हणजे अदलाबदल करून झीज समान करता येत नाही. लॉराला चार सारखे टायर.

सामानाचं बोलायचं तर चुरस नाहीच. लॉरा दिसते सेडानसारखी, पण मागची काच दारासकट उघडते आणि डिकी 560 लिटरची. गणपतीला कोकणात चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन जाणारी वेगवान गाडी हवी असेल तर इथेच थांबून लॉरा घ्या. 330आयची डिकी 460 लिटरची आहे, पण मागच्या बाकावर मधला माणूस फरशीच्या मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि खंबाटकी यायच्या आत तक्रार सुरू करतो.

पेट्रोल आणि इथेनॉल

पुण्याच्या गर्दीत भावाची गाडी लिटरला सहा ते आठ देते, हायवेवर दहा-अकरा. लॉरा शहरात नऊ-दहा, मोकळ्या रस्त्यावर चौदापर्यंत. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो, आणि तो वर्षानुवर्षं चालूच राहतो.

ई20 पेट्रोलची काळजी दोघींनाही सारखी. 2023 च्या आधीच्या गाड्या वीस टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिना-महिना उभी राहणारी गाडी जास्त धोक्यात असते. पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्या, टाकी भरून गाडी दोन महिने झाकून ठेवू नका. टर्बो असल्याने लॉराला चांगलं ऑक्टेन जास्त भावतं. घाट चढताना कमी ऑक्टेनवर ती स्पष्ट मागे धरते.

सुटे भाग आणि माणसं

लॉराची ताकद इथे दिसते. तिचं इंजिन त्या काळच्या सुपर्ब 1.8 टीएसआयमध्ये होतं, खालचा बराच सांगाडा जेट्टाचा. स्कोडाचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात असल्याने मराठवाड्यात आणि पुण्यात या गाड्या उघडून बघितलेली माणसं भरपूर आहेत. नाना पेठेत गॅस्केटपासून सेन्सरपर्यंत बरंच मिळतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने दरवाजे आणि हेडलाइट. व्हीसीडीएस या दोष वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची केबल आणि लॅपटॉप असला की अर्धे दोष घरच्या घरी वाचता येतात. मॅन्युअल असल्याने गिअरबॉक्सची धास्ती कमी. क्लच बदलताना ड्युअल मास फ्लायव्हील मात्र सोबत बघावं लागतं, आणि ते महाग आहे.

330आयचे भागही मिळतात. लेमफोर्डर, माले, एलरिंग, पिअरबर्ग अशा सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावांनी शोधलेत तर बीएमडब्ल्यूच्या डब्यापेक्षा कमी पैशांत तोच दर्जा हाती येतो. अडचण भागांची नाही, निदानाची आहे. बॅटरी बदलली तर गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं. दिवे, काचा सांभाळणारं एफआरएम नावाचं मॉड्यूल बॅटरीच्या झटक्याने बेशुद्ध पडतं. हे माहीत नसलेला मेकॅनिक आधी चार भाग बदलतो, मग विचार करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला 'आयुष्यभराचं' म्हटलं गेलं, पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला ते बदलायला सांगते. बदलल्याची नोंद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

कागद

कागदांचं थोडक्यात. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे पहिल्या लॉरा आरएसची आरसी 2026 मध्ये संपतेय आणि 2009-10 च्या 330आयची संपलीही. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी पासिंग. एप्रिल 2022 पासून पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला त्याचं शुल्क 5,000 रुपये, आयात केलेल्या गाडीला 40,000. म्हणून 330आयच्या आरसीवर ती आयात म्हणून नोंदलीय का, हे आधी बघा. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांची लालूच पडते, पण एनओसी, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि आरटीओच्या चकरा धरून हिशोब करा, बहुतेकदा स्वस्ताई तिथेच संपते.

तर मग कुठली?

घरात एकच गाडी असेल तर लॉरा. पण घेतल्या घेतल्या, काही वाजत नसलं तरी, नव्या रचनेचा टेन्शनर आणि चेन बसवून घ्या, तेल फोक्सवॅगनच्या 502.00 दर्जाचं घाला आणि दर 7,500 किलोमीटरला बदला. तेल पिणारी गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या. हा पहिला मोठा खर्च झाला की लॉरा बरीच वर्षं साध्या गाडीसारखी वागते.

रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल, दहा-पंधरा किलोमीटरवर ई90 ओळखणारा मेकॅनिक असेल आणि दरवर्षी गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवता येत असेल, तर 330आय घ्या आणि मागे वळून बघू नका. तिचा खर्च थांबत नाही, पण तो कुठे होणार हे आधी माहीत असतं. मला स्वतःला आज दोन्हींपैकी एकच ठेवायची म्हटलं तर, मुलं मोठी झाली आहेत, मी 330आय ठेवीन. दहा वर्षांपूर्वी लॉराच ठेवली असती.

कुठलीही बघायला जा, विक्रेत्याला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी सहाला येतो आणि त्याआधी गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा, काच खाली घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. तुम्ही पुढे उभे राहा. लॉरामध्ये पहिले दोन सेकंद चेन ऐका. 330आयमध्ये टिकटिक आवाज आला तर घाबरू नका, छोट्या फेऱ्यांमुळे व्हॉल्व्ह हलवणारे लिफ्टर वाजतात. दहा मिनिटं हायवेवर नेऊन पुन्हा ऐका. जळक्या तेलाचा वास येतोय का ते बघा, आणि वॉटर पंपाचं बिल मागा.