स्कूल बोर्डाला पक्ष हवा की नको? डेलावेअरच्या दोन काठांवरून

मी न्यू जर्सीत राहते आणि माझी नणंद डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत. दोघींची मुलं सरकारी शाळेत, दोघीही आता इथल्या मतदार. पण स्कूल बोर्डाची मतपत्रिका आली की आमची भाषाच जुळत नाही. माझ्या कागदावर नुसती नावं असतात, तिच्या कागदावर नावापुढे पक्ष. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी माझ्यासारखी पद्धत आहे, पण गेल्या काही वर्षांत वारं तिच्या बाजूने वाहतंय. तुमच्या राज्यात हा प्रश्न मताला आला, तर ठरवायचं कसं?

आधी हे बोर्ड करतं काय ते बघा, कारण बरेच जण मतपत्रिकेवरचा हा रकाना कोराच सोडतात. सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी) नेमणं, शाळेचं बजेट, त्यासाठी घरपट्टीतून किती घ्यायचं, ग्रंथालयातल्या पुस्तकांचं धोरण, वर्षाचं वेळापत्रक. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळते ती वॉशिंग्टनहून नाही, स्थानिक बोर्डाच्या वेळापत्रकातून.

आता माझी बाजू. न्यू जर्सीत बोर्ड साधारण ९ जणांचं, मुदत ३ वर्षांची, त्यामुळे सहसा दर वर्षी ३ जागा. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं आधीचं मतदान, नाही. एकदाच मतदान, जास्त मतं मिळतील तो निवडून आला. मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्ष लिहिलेला असो वा नसो, सगळ्यांना सारखा हक्क. ऐकायला छान. पण टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर उघडून बसलं की ७ नावं समोर आणि एकाचीही माहिती नाही. मग माणूस काय करतो? ओळखीचं वाटणारं नाव, वरचं नाव, आधीपासून बोर्डावर असलेलं नाव. अमराठी, अभारतीय शेजारी ‘देशपांडे’ वाचून काय ठरवत असेल, देव जाणे. पक्षाचं नाव असतं तर त्याला निदान एक धागा तरी मिळाला असता.

आणि पक्ष कागदावर नाही म्हणजे निवडणुकीत नाही, असं आपण मराठी माणसांनी तरी मानू नये. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, छत्री, शिट्टी अशी चिन्हं आणि ‘ग्रामविकास पॅनल’. तरी निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्याच ग्रामपंचायती जास्त म्हणून आकडे देतो, आणि बेरीज केली तर गावांपेक्षा सरपंच जास्त भरतात. फ्लोरिडात हेच झालं. तिथे स्कूल बोर्डाच्या निवडणुका कागदोपत्री बिनपक्षीय, पण २०२२ मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी ३० उमेदवारांना जाहीर पाठिंबा दिला. झाकलेली मूठ वगैरे काही उरलं नाही.

मग पलीकडे जाऊया. नणंदेकडे पक्ष उघड आहे आणि त्याचा फायदाही तिने पाहिलाय. सेंट्रल बक्स या तिथल्या शालेय जिल्ह्यात ग्रंथालयाच्या पुस्तकांवरून बोर्डाने मोठा वाद ओढवून घेतला, तेव्हा बहुमत रिपब्लिकनांचं होतं. २०२३ मध्ये लोकांनी लढतीतल्या पाचही जागा डेमोक्रॅटांना दिल्या. राग कुणावर काढायचा हे मतदाराला नेमकं कळलं. बिनपक्षीय कागदावर इतका साफ हिशेब करणं अवघड असतं.

पण गोम पुढे आहे. पेनसिल्व्हेनियात स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभं राहता येतं. दोन्ही जिंकल्या की नोव्हेंबरच्या कागदावर तो डेमोक्रॅटही आणि रिपब्लिकनही. म्हणजे ज्यासाठी लेबल लावलं, ती माहितीच पुसली गेली. शिवाय खरा निकाल मे महिन्यातच लागला. आणि तिथली प्रायमरी बंद असते: ज्या पक्षात नोंद, त्याच पक्षाची मतपत्रिका. माझी नणंद कुठल्याच पक्षात नव्हती, त्यामुळे मे महिन्यात ती घरी. राज्यात अशा दोन्ही पक्षांबाहेरच्या मतदारांची संख्या १० लाखांच्या वर आहे. आपल्यातल्या नव्या अमेरिकन नागरिकांत हे प्रमाण बरंच दिसतं. नोंदणीच्या अर्जावर पक्ष विचारला की आपण दचकतो.

आणखी एक माणूस वगळला जातो, त्याचा विचार सहसा कुणी करत नाही. हॅच कायद्यामुळे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पक्षीय निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणजे पोस्टातली आई किंवा सरकारी प्रयोगशाळेतला बाबा न्यू जर्सीत बोर्डासाठी उभा राहू शकतो, नदीपलीकडे नाही.

फ्लोरिडातल्या मतदारांपुढे २०२४ मध्ये हाच प्रश्न आला होता. तिथे १९९८ मध्ये घटनादुरुस्ती करून पक्ष काढले होते, ते परत आणायचे का? सुमारे ५५ टक्के लोक हो म्हणाले. घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात, म्हणून प्रस्ताव पडला. तो मंजूर झाला असता तर बंद प्रायमरीही आली असती, आणि तिथे पक्षात नोंद नसलेले ३० लाखांहून जास्त आहेत.

इंडियानाने २०२५ मध्ये मधली वाट काढली. उमेदवाराने पक्ष लिहावा, स्वतंत्र म्हणावं किंवा जागा कोरी ठेवावी. प्रायमरी नाही. मला विचाराल तर हे दोन्ही काठांपेक्षा बरं. कोरी जागासुद्धा मतदाराला काहीतरी सांगते. लेबलाला माझी हरकत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या बंद दाराला आहे. म्हणून तुमच्याकडे प्रस्ताव आला, तर ‘शाळेत राजकारण नको’ किंवा ‘पारदर्शकता हवी’ या पाट्या बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी शोधा: खरा निकाल कुठल्या महिन्यात लागेल, आणि त्या महिन्यात तुम्हाला आत घेतील का. आत घेणार नसतील, तर माझं मत ‘नाही’ला.

नणंदेने शेवटी एका पक्षात नोंद केली. कुठल्या, ते सासूबाईंनाही सांगितलेलं नाही. बोर्डापुरतीच केली होती, पण आता तिला सिनेटच्या उमेदवारांचेही फोन येतात, नेमके कुकरची तिसरी शिट्टी होताना.