छातीवरून इको की अन्ननलिकेतून?

खानापूर-निपाणीकडून बेळगावच्या आयसीयूत बीपी ढासळलेला पेशंट आला, की मी तरी आधी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, छातीवर टेकवायचा प्रोबच हातात घेईन. जेल लावलं की काही मिनिटांत अंदाज येतो: हृदय रिकामं आहे, दमलंय, की भोवती पाणी साचून आवळलं गेलंय. भूल लागत नाही. पण व्हेंटिलेटरवर फुगलेली फुप्फुसं आड येतात. छातीवर ड्रेसिंग असलं तर बघायलाच नको.

अन्ननलिकेतला प्रोब डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) अगदी पाठीशी असतो. झडपा लख्ख दिसतात, आणि ऑपरेशन चालू असतानाही सर्जनच्या हाताआड येत नाही. (1970 साली आलेला स्वान-गँझ कॅथेटर, म्हणजे हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत सरकवायची नळी, दाबाचे आकडे देतो, हलणारं हृदय दाखवत नाही.) मात्र अन्ननलिका आकसलेली असेल तर हा प्रोब घालू नये. म्हणून आधी विचारायचं, ‘काकू, यांना घास गिळताना अडकायचा का हो?’