ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी त्याचं पॉवर सॉकेट बघा

जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हणून तुम्ही बाजारात निघाला असाल आणि कोणी स्वस्तात एनव्हिडिया कंपनीचं ‘१०५० टीआय’ कार्ड देत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. त्या नावाखाली मला २०१० सालची चिप विकली गेली. पैसे गेलेच, वर ऐन सीझनमध्ये काम अडलं.

मी कराडला लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. मशीन म्हणजे एका मोठ्या कंपनीचा, ऑफिसातून निघालेला सेकंड हँड टॉवर. प्रोसेसर बरा, रॅम भरपूर, पण कार्ड नाही. फोर के शूटिंग आलं की टाइमलाइन अडखळायची आणि एका लग्नाच्या एक्सपोर्टला अख्खी रात्र जायची. २०२१ साली कार्डांचे भाव आभाळाला टेकले होते. क्रिप्टो चलनाचं मायनिंग करणारे मिळेल ते उचलत होते, आणि जीटीएक्स १०५० टीआयसारखं २०१६ चं मॉडेल पुन्हा बाजारात येऊनही मूळ किमतीला मिळत नव्हतं.

तरी मला तेच हवं होतं, आणि त्याला कारण होतं. मशीन उघडून एसएमपीएसवरचं, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावरचं, स्टिकर वाचलं: २९० वॉट. त्यातून कार्डासाठी वेगळी सहा पिनांची वायर निघतच नव्हती. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, आणि १०५० टीआय बरोबर तेवढ्यात भागतं. त्याहून स्वस्त जीटी १०३० सुद्धा या मशीनवर चाललं असतं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे एक्सपोर्ट झटपट करणारा चिपमधला खास भाग, नाही. एक्सपोर्टसाठी माझ्या ते काय कामाचं? कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती जागा आहे तेही टेप लावून मोजलं आणि सगळं कागदावर लिहून पुण्याला गेले.

दुकानदाराने सीलबंद खोका काढला. खोक्यावर १०५० टीआय, ४ जीबी, सगळं व्यवस्थित छापलेलं. कार्ड बाहेर काढलं तर मागच्या कोपऱ्यात सहा पिनांचं काळं सॉकेट.

“याला वेगळी पॉवर लागते? १०५० टीआयला लागत नाही ना?”

“ताई, हे ओसी मॉडेल आहे. स्पीड जास्त, म्हणून एक्स्ट्रा पॉवर. साधं आता कुठेच मिळणार नाही तुम्हाला.”

“पण माझ्या मशीनला सहा पिनांची वायरच नाही.”

“मग एसएमपीएस पण घेऊन टाका. पाचशे वॉटचा देतो, एकदम टेन्शन फ्री.”

मशीन आणून इथेच लावून बघते म्हटलं, तर म्हणाला, “कराडहून मशीन कशाला उचलून आणता? नाही चाललं तर बदलून देतो ना. मी काय पळून चाललोय का?”

ही थाप पचते, कारण ती अर्धी खरी असते. काही कंपन्यांच्या ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे वेग वाढवलेल्या (तेच ‘ओसी’), १०५० टीआयला सहा पिनांचं सॉकेट असतंच. पण माझ्या हातातल्या कार्डाला ते असण्याचं कारण निराळं होतं. आतली चिप जीटीएस ४५० या एनव्हिडियाच्याच २०१० सालच्या कार्डाची होती. ती १०६ वॉट खाते, स्लॉटवर तिचं भागूच शकत नाही.

घरी आल्यावर पहिला दणका एसएमपीएसने दिला. नव्या एसएमपीएसची मुख्य वायर २४ पिनांची आणि माझ्या मदरबोर्डवरचं सॉकेट आठ पिनांचं. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मशीनमध्ये हे सर्रास असतं; बाजारातला साधा एसएमपीएस त्याला वेगळं अडॅप्टर घेतल्याशिवाय बसत नाही. रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाला हे माहीत नसणार, हे मला पटत नाही. त्याने मशीन कुठल्या कंपनीचं एवढंसुद्धा विचारलं नाही.

मग कार्ड ओळखीच्या एका मुलाच्या असेंबल्ड पीसीवर लावलं. खोक्यातल्या सीडीचा ड्रायव्हर टाकला, आणि विंडोजने ठणठणीत नाव दाखवलं: जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. हे दिसतं, कारण कार्डाच्या बायोसमध्येच, म्हणजे त्यात साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्येच, खोटं नाव भरलेलं असतं आणि विंडोज तेच वाचून दाखवतं. पण एक्सपोर्टला हार्डवेअर एन्कोडिंगचा पर्याय येईना. एनव्हिडियाच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घेऊन टाकला तर रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी. सीडीवरच्या जुन्या ड्रायव्हरशिवाय ते कार्ड जागंच होत नव्हतं.

त्या मुलाने जीपीयू-झेड चालवलं. कार्डाची माहिती दाखवणारं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखण्याची सोय त्यात २०१८ मध्ये आली, कारण हा धंदा तेव्हाच जगभर पसरला होता. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ असं आलं आणि एनव्हिडियाच्या लोगोच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण. चार स्क्रू काढून चिप थंड ठेवणारा हीटसिंक उचलला, पेस्ट पुसली. चिपवर कोरलेलं होतं जीएफ १०६. खऱ्या १०५० टीआयवर जीपी १०७ असतं. खऱ्यात ७६८ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे छोटे भाग), यात १९२. या पिढीच्या चिपमध्ये तो व्हिडिओ एन्कोडर मुळातच नाही, आणि २०१८ पासून एनव्हिडियाने तिच्यासाठी नव्या ड्रायव्हरचं काम थांबवलं आहे. म्हणजे ज्या एका कामासाठी मी कार्ड घेतलं, ते त्याच्याकडून कधीच होणार नव्हतं.

आता मला कळकळीने सांगायचंय ते हे. कार्ड आपल्या मशीनला चालेल का, हे बघताना आपण जे तपासतो, त्यातच ते खरं की खोटं हेही कळतं. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलचं पान फोनवर उघडा आणि हातातलं कार्ड त्याच्याशी ताडून बघा: वॉट किती, पॉवर सॉकेट आहे का, मागे पोर्ट कोणते. पोर्टकडे तर नीट बघाच. १०५० टीआयच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघत नाही. मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर कार्ड खाली ठेवा. डीव्हीआय पोर्टमध्ये एका बाजूला आडवी फट असते. तिच्या वर-खाली मिळून चार बारीक भोकं असतील तर ते ॲनालॉगवालं पोर्ट. १०५० टीआयला तिथे नुसती फट असते. माझ्या कार्डाला व्हीजीए होतं आणि ती चार भोकंही होती. ‘जुना मॉनिटर पण चालेल ताई’ म्हणून दुकानदाराने तेच मला कौतुकाने दाखवलं होतं.

एनव्हिडियाची स्पर्धक कंपनी एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. त्याचा ‘२०४८ एसपी’ नावाचा प्रकार निघाला आहे. तो बनावट नाही, पण कोअर आरएक्स ५७० इतकेच, २०४८. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. खोक्यावर ५८० मोठ्या अक्षरात असतं, भावही ५८० चा सांगतात.

पैसे परत मागायला गेले तर उत्तर मिळालं, “हे आमचं कार्डच नाही.” त्याने दिलेल्या चिठ्ठीवर वर ‘एस्टिमेट’ आणि खाली ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी’ एवढंच होतं. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर पडतील, असं त्याने घेतानाच सांगितलं होतं, आणि यूपीआयही दुकानाच्या नावावर न घेता कुणा माणसाच्या खात्यावर घेतलं होतं. माझे पैसे काही परत आले नाहीत.

म्हणून बिलावर पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर जुळतो का ते दुकानातच बघा, आणि भाव विचारलेलं व्हॉट्सॲप चॅट पुसू नका. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा आणि कार्ड त्यांच्याच मशीनवर लावून चालवायला सांगा. एवढं करूनही कोणी फसवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही.