प्रीचार्जचं बटण की मॉस्फेट? सायकलच्या पॅकला स्विच निवडताना

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक सायकलचा १३ एसचा (ओळीने जोडलेल्या १३ सेलचा) बॅटरी पॅक रोज रात्री तिसऱ्या मजल्यावर आणायचा आणि सकाळी परत जोडायचा. जोडताना ‘फट्’ ठरलेलं. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर ५४.६ व्होल्टपुढे क्षणभर शॉर्टसारखेच वागतात. प्लगच्या पिना काळ्या पडल्यावर सॉफ्ट-स्टार्टचं, म्हणजे कपॅसिटर एकदम न भरता हळू भरण्याचं, मनावर घेतलं आणि दोन्ही प्रकार करून पाहिले.

पहिला साधा. डीसी एमसीबीला (खटक्याच्या सर्किट ब्रेकरला) समांतर १०० ओहमचा सिमेंट रेझिस्टर आणि पुशबटण. बटण दाबलं की रेझिस्टरमधून कपॅसिटर आधी भरून घेतात, हाच प्रीचार्ज. पुण्याच्या तापकीर गल्लीत एका फेरीत सामान मिळतं, तासाभरात जोडून होतं. माझ्या कंट्रोलरवर साधारण १००० मायक्रोफॅरड आहेत, त्यांना अर्धा सेकंद पुरतो. शिवाय खटका खाली म्हणजे खरंच बंद, शंकेला जागा नाही.

पण क्रम! आधी बटण दाबून धरायचं, मग खटका वर. मी पाळतो. बाबा मंडईला निघाले की थेट खटका वर करतात. चिठ्ठी चिकटवून पाहिली. ‘कळतं मला’ असं उत्तर मिळालं. बरं, क्रम पाळूनही एकदा ठिणगी उडालीच, कारण दिवा चालू राहिला होता. दिव्याने ०.३ अँपिअर जरी ओढला तरी रेझिस्टरवरच ३० व्होल्ट पडतात. मग बटण कितीही वेळ धरा, कपॅसिटर पुरता भरत नाही. बाबांचं चुकत नव्हतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

दुसरा मॉस्फेटचा, म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा. पॅकच्या निगेटिव्ह बाजूला आयआरएफबी ४११०, गेटचं व्होल्टेज मर्यादेत ठेवायला १२ व्होल्टचा झेनर डायोड, आणि व्होल्टेज हळूहळू चढावं म्हणून गेट आणि ड्रेन या दोन पायांमध्ये छोटा कपॅसिटर. पहिला मॉस्फेट मीच मारला. जितकं सावकाश तितकं बरं, असं समजून चढ दोन सेकंदांचा ठेवला. तो पुरा होण्याआधीच बाबांनी थ्रॉटल पिळला. अर्धवट उघडलेल्या मॉस्फेटमधून मोटरचा करंट गेल्यावर दुसरं काय होणार? आता चढ सुमारे ५० मिलिसेकंदांचा आहे. तेवढ्यात कपॅसिटर भरायला जेमतेम १.१ अँपिअर लागतो, आणि इतक्या चपळाईने थ्रॉटल पिळणारं आमच्या घरी कुणी नाही. १५ अँपिअरला तापतो म्हणावं तर एखादा वॅट. हात लावला तर कोमट.

खोट आहेच. मॉस्फेट मेला की बहुतेकदा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे स्विच कायमचा चालू, फ्यूज हवाच. एकच मॉस्फेट उलट्या दिशेचा करंट अडवत नाही, तेव्हा चार्जिंगची वायर वेगळी काढा किंवा दोन पाठीला पाठ लावून जोडा. घरच्या इन्व्हर्टरचा मोठा पॅक असेल आणि खटका वर्षातून चारदाच हलणार असेल, तर मीही कदाचित रेझिस्टरच लावीन. रोज जोडायच्या, चार हातांत जाणाऱ्या सायकलला मात्र मॉस्फेट चालवणारा हँडलवरचा एकच छोटा स्विच बरा पडतो, निदान आमच्याकडे तरी.

एमसीबी मी काढलेला नाही. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहते तेव्हा तो पाडून ठेवतो. रेझिस्टर आणि बटण काढून टाकलं. बाबांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.